एका चित्राच्या हजार प्रती

तळेगावहून चाकणकडे येणारा रस्ता महाळुंग्यातून जातो. गावाची आजची ओळख कारखान्यांची आहे. पत्ता सांगताना लोक एमआयडीसीचा फेज आणि प्लॉट नंबर आधी सांगतात, गावाचे नाव नंतर. चित्रकला, छायाचित्रण, राजकीय चळवळ हे शब्द या गावाशी कोणी जोडत नाही. पण नकाशा थोडा मोठा करून पाहावा. पश्चिमेला तळेगाव ओलांडून लोहमार्गाने पुढे गेले की मळवली लागते, तिथे राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना होता. दक्षिणेला चिंचवड, चापेकर बंधूंचे गाव. चाकणहून नाशिक रस्त्याने उत्तरेला खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर. महाळुंगे त्याच तालुक्यात येते. आणि हाच तळेगाव-चाकण रस्ता पूर्वेकडे शिक्रापूरला जाऊन मिळतो, तिथून भीमा कोरेगाव जवळच. एका दिवसात फिरून होईल एवढ्या या टापूत गेल्या दीडशे वर्षांत चित्राने राजकारणात काय काय केले याचे पुरावे विखुरलेले आहेत. ते एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. चळवळीच्या चित्राचा इतिहास आपण चित्रकाराच्या नावाने सांगतो, त्याची कळकळ, त्याची प्रतिभा, त्याने पत्करलेली जोखीम सांगतो. प्रत्यक्षात या भागात चित्राला राजकीय ताकद मिळाली ती त्याच्या प्रतींमुळे: ते कोणी छापले, कोणत्या यंत्रावर छापले, कोणाला परवडले आणि शेवटी कोणाच्या भिंतीवर लागले यामुळे. सरकारला हे समजायला वेळ लागला नाही. कलासमीक्षकांना मात्र बराच लागला.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू केली. ‘निबंधमाला’ तोवर चार वर्षे चालू होती. न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ अजून व्हायचे होते. ज्या माणसाचे सारे सामर्थ्य लेखणीत, त्याला शाळेच्या आणि वर्तमानपत्राच्या आधी चित्रांचा कारखाना काढावासा वाटला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अक्षर वाचू शकणारी माणसे तेव्हा फार थोडी होती आणि घराघरांतल्या भिंती विलायती चित्रांनी भरू लागल्या होत्या. चित्रशाळेने रामपंचायतन छापले, देवदेवता छापल्या आणि त्यांच्या शेजारी नाना फडणवीसांसारखी मराठ्यांच्या इतिहासातली माणसे छापली. चिपळूणकर १८८२ मध्ये गेले. पुढे हा व्यवसाय वासुदेव गणेश जोशी, म्हणजे टिळकांचे निकटचे सहकारी वासुकाका, यांच्या हाती आला, आणि १९१० मध्ये त्याच छापखान्यातून ‘चित्रमय जगत्’ हे सचित्र मासिक निघू लागले. म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय पक्षाला मुखपत्राबरोबर भिंतही मिळाली होती.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. चित्रशाळा हा धंदा होता, खपत होती ती देवांची चित्रे, त्यात राजकारण शोधणे म्हणजे आजच्या चष्म्यातून पाहणे. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. भिंतीवर रामाच्या शेजारी कोण लावायचे हा निर्णय राजकीय असतो. देवघराच्या भिंतीवर इतिहासातला पुरुष चढला की त्याला देवाचा मान मिळतो, आणि ज्याला देवाचा मान मिळतो त्याचे राज्य बुडवणाऱ्याविषयी घरातल्या लहान पोराच्याही मनात काहीतरी ठरून जाते. हे कोणी भाषणात सांगावे लागत नाही, आणि भाषण नसल्यामुळे खटलाही भरता येत नाही. आक्षेपाच्या उलट बाजूला मात्र एक अधिक टोकदार प्रश्न आहे, आणि तो चित्रशाळेच्या अभिमानात विसरला जातो. याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा प्रसिद्ध केला होता, त्यात महाराज कुळवाडीभूषण होते. त्या शिवाजीचे चित्र घरोघर लावणारा शिळाछापखाना त्या काळी निघाला नाही. दगड, रंग आणि विकण्याचे जाळे ज्यांच्याकडे होते त्यांच्या मनातला इतिहास भिंतींवर लागला. ज्यांच्याकडे शब्द होते पण यंत्र नव्हते, त्यांचा इतिहास पोवाड्यात राहिला. प्रत काढण्याचे साधन कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून जातीचाही प्रश्न होता.

शिळाछाप म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय या साधनाचे मोल कळत नाही. बव्हेरियातून येणारा बारीक कणांचा चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. पाणी रिकाम्या जागेवर बसते, तेलकट रेषेवर बसत नाही. त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषेला लागते. हा झाला एक रंग. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक वेळी कागद त्याच जागी काटेकोर बसला पाहिजे, नाहीतर देवीचे ओठ गालावर येतात. साडीच्या काठातली एक सोनेरी छटा हवी असेल तर आणखी एक दगड, आणखी एक फेरी. हे सगळे करणारे कारागीर, दगडावर चित्र उतरवणारे, दगड घासणारे, रंग जुळवणारे, यांची नावे चित्राखाली येत नाहीत. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला तेव्हा जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ आणले. प्लेगच्या काळात तो मळवलीला हलला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. दादासाहेब फाळकेही याच लोणावळा-मळवली परिसरात चित्रछपाईच्या धंद्यात रमले होते, चित्रपटाकडे वळण्याच्या आधी. सिनेमाला त्यांनी पुढे स्वदेशी उद्योग मानले, त्यामागे छापखान्यातला हा अनुभव होता: परदेशी यंत्रावर आपली प्रतिमा काढायची, आणि ती हजारोंपर्यंत न्यायची.

मळवलीच्या छापखान्याला राजकीय म्हणणे अनेकांना पटणार नाही, आणि रविवर्म्याला चळवळ्या म्हणण्याचा माझाही विचार नाही. संस्थानिकांच्या दरबारी वावरणारा तो चित्रकार होता. पण प्रतीचा गुण असा की ती चित्रकाराच्या हेतूला बांधलेली राहत नाही. त्याने १८९० मध्ये बडोद्यासाठी कीचक आणि सैरंध्री रंगवली तेव्हा ते महाभारतातले दृश्य होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला, आणि सबुरीच्या गोष्टी करणाऱ्या युधिष्ठिरात नेमस्त दिसले. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. नाटक बंद करता येते, प्रेक्षकांची नजर परत घेता येत नाही. त्यानंतर कीचकाचे चित्र पाहणाऱ्याला त्यात काय दिसत असेल, हे चित्रकाराच्या हाती उरलेच नव्हते. त्याच वर्षीच्या मुद्रण कायद्यात ‘दस्तऐवज’ या संज्ञेच्या व्याख्येत रंगचित्र, रेखाचित्र, छायाचित्र आणि डोळ्यांना दिसणारे कोणतेही चित्रण समाविष्ट करण्यात आले. सरकारी वकिलांनी अग्रलेखाच्या पंक्तीत चित्राला आणून बसवले, याहून मोठी पावती दुसरी कोणती? कायदे करणाऱ्यांना रेषेच्या सौंदर्याशी घेणेदेणे नव्हते. त्यांना भीती प्रतींची होती.

चिंचवडची गोष्ट याच्याही आधीची आणि उलट्या दिशेची. दामोदर हरी चापेकर म्हटले की २२ जून १८९७ ची रात्र आठवते, गणेशखिंडीचा रस्ता आठवतो, प्लेगच्या घरझडत्यांनी गांजलेल्या पुण्यात रँड या प्लेग अधिकाऱ्यावर झाडलेली गोळी आठवते. पण त्याच्या आदल्या वर्षी, १८९६ मध्ये, मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासून खेटरांची माळ घातली होती. ते काम आपले असल्याचे दामोदराने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. हा पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. डाग काढायला रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांना बोलवावे लागले, आणि ते यशस्वी झाले म्हणून त्यांचे नाव झाले. चापेकर चित्रकार नव्हते. त्यांची राजकीय दृष्टीही आज जशीच्या तशी स्वीकारावी अशी नाही, तिच्यात सनातनीपणा ठासून भरला होता. तरीही या घटनेला या इतिहासात जागा आहे, कारण गोळीच्या आधी त्यांनी प्रतिमेवर हल्ला केला. राज्यकर्त्यांची सत्ता पुतळ्यात, नाण्यावर, कचेरीतल्या तसबिरीत राहते हे चिंचवडच्या एका कीर्तनकाराच्या मुलाने ओळखले होते. सत्तेची प्रतिमा रोज दिसते म्हणून रोज पटते. ती एकदा विद्रूप झालेली दिसली, की धुऊन काढल्यावरही पाहणाऱ्याला डाग आठवतो.

खेडच्या शिवराम हरी राजगुरूंकडे येताना छायाचित्रण या नव्या साधनाचा विचार करावा लागतो, आणि इथे पुरावा सर्वांत भक्कम आहे. भगतसिंगांची दोन छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. एक १९२७ मधले, पोलिसांच्या ताब्यातले: बाजेवर बसलेला, हातात बेड्या, केस मोकळे, समोर पोलिस अधिकारी. ते सरकारी कॅमेऱ्याचे चित्र, कैद्याला न विचारता काढलेले. दुसरे १९२९ च्या एप्रिलच्या सुरुवातीचे, दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या रामनाथ फोटोग्राफरच्या स्टुडिओतले: फेल्ट हॅट, पिळदार मिशी, कॅमेऱ्याला थेट भिडणारी नजर. ८ एप्रिलला असेंब्लीत बॉम्ब टाकून स्वतःला अटक करून घ्यायची हे ठरले होते, आणि त्यासाठीच आधी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतले. हिंदुस्थान सोशलिस्ट रिपब्लिकन असोसिएशनच्या साथीदारांनी ते वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवले, आणि अटकेनंतर काही दिवसांतच हॅटवाला चेहरा छापून आला. पत्रके, बॉम्ब, न्यायालयातली निवेदने यांच्याइतकाच हा फोटो योजनेचा भाग होता. पुढची फाशी, पुढचे हौतात्म्य डोळ्यांसमोर ठेवून आपण लोकांना कसे दिसावे हे त्या तरुणाने स्वतः ठरवले. फोटो काढणाऱ्याचे राजकारण काय होते याने काहीही फरक पडत नाही. त्याने गिऱ्हाइकाचा फोटो काढला, एवढेच त्याचे काम.

राजगुरूंच्या बाबतीत असे घडले नाही. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात साँडर्स या पोलिस अधिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्यांत ते होते, ३० सप्टेंबर १९२९ ला पुण्यात पकडले गेले आणि २३ मार्च १९३१ ला भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर फासावर गेले. वयाची तेवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पण हॅटवाल्या फोटोसारखी एकही प्रतिमा त्यांच्या नावाशी चिकटली नाही. फाशीनंतर उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः कानपूरच्या छापखान्यांतून, रंगीत चित्रांचा पूर आला. प्रभू दयाल यांच्यासारखे चित्रकार होते, श्यामसुंदर लाल यांच्यासारखे प्रकाशक होते. आपले शीर तबकात ठेवून भारतमातेला अर्पण करणारा भगतसिंग, देवदूतांच्या सोबतीने स्वर्गात जाणारे तिघे, अशी ती चित्रे. सरकारने यातली कितीतरी जप्त केली, आणि जप्त केली म्हणूनच त्यांच्या प्रती आज अभिलेखागारांत जपून राहिल्या आहेत. या चित्रांत भगतसिंग ओळखू येतो तो हॅटवरून. राजगुरू ओळखू येतात ते बहुतेक वेळा खाली लिहिलेल्या नावावरून, किंवा तिघांत तिसरे म्हणून. धैर्य सारखे, शिक्षा सारखी, दिवस तोच. पण ज्याची प्रत काढण्याजोगी प्रतिमा होती, तो देशाच्या स्मरणात पुढे उभा राहिला. खेड तालुक्यातल्या माणसांना हे सलते, आणि सलावे यात गैर नाही. गावाचे नाव बदलून राजगुरुनगर झाले, वाडा जतन झाला. तरी देशाच्या नजरेत त्यांचा चेहरा भगतसिंगांच्या चेहऱ्यामागेच उभा आहे, आणि त्याचे एक मोठे कारण काश्मिरी गेटच्या त्या स्टुडिओत आहे.

इथे दुसरा, अधिक वजनदार आक्षेप येतो. प्रती वाढल्या की चित्र राजकीय राहते का, की त्याची पूजा सुरू होते? भिंतीवरच्या हुतात्म्याला हार घातला जातो, उदबत्ती लावली जाते, आणि तो ज्यासाठी मेला ते मागे पडते. समाजवादी प्रजासत्ताकाच्या नावाने लढलेल्या माणसांचे फोटो आज कोणत्याही पक्षाच्या फ्लेक्सवर, कोणत्याही इच्छुकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांशेजारी दिसतात. हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. प्रत ही दुधारी आहे: तिने चित्र लोकांपर्यंत जाते आणि तिनेच ते गुळगुळीत होते. तरीही सगळ्या प्रती सारख्या होत नाहीत. काय वेगळे असते, हे भीमा कोरेगावने दाखवले आहे.

१ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या विजयस्तंभाला भेट द्यायला आले. त्या भेटीचे एक छायाचित्र आहे: स्तंभाजवळ बाबासाहेब आणि सोबतचे कार्यकर्ते. साधे, समूहचित्राच्या पद्धतीचे. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला. त्या फोटोच्या आणि बाबासाहेबांच्या इतर तसबिरींच्या प्रती कोणत्या मार्गाने पसरल्या ते पाहण्यासारखे आहे. १ जानेवारीला कोरेगावात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी ही चित्रे मांडलेली असतात, जमिनीवर अंथरलेल्या कापडावर. घेणारा पुस्तक घेतो, दिनदर्शिका घेतो, तसबीर घेतो. कोणत्याही कलादालनाने, सरकारी संग्रहालयाने किंवा मोठ्या छापखान्याने ही चळवळ चालवली नाही. ज्यांना शतकानुशतके देवळाच्या पायरीवर चढू दिले नव्हते, त्यांनी आपल्या घरात आपल्या पैशाने एक सूटबूट घातलेला, हातात पुस्तक धरलेला माणूस लावला. त्या तसबिरीसमोरही मेणबत्ती लागते, वंदना होते. पण ती लावल्याने सवर्ण वस्तीत खोली भाड्याने मिळणे अवघड होते, गावात भांडण होऊ शकते, हे ठाऊक असूनही ती लावली जाते. ज्या प्रतिमेची लावणाऱ्याला किंमत मोजावी लागते, ती पूजेत असली तरी निर्जीव झालेली नसते. फुल्यांच्या पोवाड्याच्या वाट्याला न आलेली भिंत इथे लोकांनी स्वतः मिळवली.

शहरी कलावंतांची परंपरा याला समांतर चालत होती आणि तिच्याविषयी लिहिले पुष्कळ गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात फिरून चित्तप्रसाद यांनी केलेल्या रेखाचित्रांचे ‘हंग्री बेंगॉल’ निघाले आणि ब्रिटिशांनी त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. तिथेही रोख मूळ चित्रांवर नव्हता, प्रतींवर होता. कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईतल्या नियतकालिकांतून त्यांची चित्रे आणि सुनील जाना यांची छायाचित्रे कामगार वस्त्यांत गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने व्यंगचित्राला रोजच्या हत्याराची धार दिली. आपल्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली आणि गटारात उतरणारा माणूस शहराला पाहायला लावला. चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या गावातून आलेले प्रभाकर पाचपुते खाणीने गिळलेल्या जमिनीची चित्रे कोळशाने काढतात. दोघांच्याही कामाविषयी मला आदर आहे. पण ओलव्यांच्या फोटोंचा खरा परिणाम प्रतींतून, म्हणजे पुस्तके, वृत्तपत्रे आणि फिरती प्रदर्शने यांतून झाला, हेही तितकेच खरे.

तिसरा आक्षेप असा की आता प्रतीचा प्रश्नच उरलेला नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, एका बोटाने लाखो प्रती निघतात. तेव्हा छापखाना कोणाचा हा जुना प्रश्न इतिहासजमा झाला. मावळात ९ ऑगस्ट २०११ ला जे घडले ते या आक्षेपाला उत्तर देते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यात एक महिला होती. टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी गोळीबार टिपला, पोलिस गाड्या फोडताना टिपले. ही दृश्ये त्या संध्याकाळी राज्यभर दिसली, विधिमंडळात गाजली, चौकशी आयोग नेमावा लागला, आणि जलवाहिनीचे काम पुढे अनेक वर्षे थांबून राहिले. त्या दिवशी चित्रीकरण नसते तर सरकारी निवेदन हीच घटना ठरली असती. म्हणजे कॅमेऱ्याने काम केले. पण ती दृश्ये वाहिन्यांची होती. नंतर कधी दाखवायची, किती सेकंद दाखवायची, निवडणुकीच्या वेळी कोणाच्या विरोधात दाखवायची, यावर मावळच्या शेतकऱ्यांचा ताबा राहिला नाही. प्रती अगणित निघाल्या, मालकी दुसऱ्याची राहिली. चिपळूणकरांच्या काळातला प्रश्न यंत्र बदलल्यावरही तसाच उभा आहे.

महाळुंग्यात तो आज कसा दिसतो, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांच्या गेटवर आत जाणाऱ्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवले जाते, किंवा मोबाइल गेटवरच जमा करून घेतला जातो. कारण दिले जाते ते गाड्यांच्या नव्या मॉडेलची आणि तंत्राची गुप्तता राखण्याचे, आणि ते खोटे नाही. पण त्याच स्टिकरखाली असेंब्ली लाइनचा वेग, मशिनवर उभ्या असलेल्या ठेकेदारी कामगाराचे हात, सुरक्षेची साधने आहेत की नाहीत, हेही झाकले जाते. १९१० मध्ये सरकार छापलेले चित्र जप्त करत होते. इथे चित्र निघण्याच्या आधीच थांबते, आणि त्यासाठी कोणताही खटला भरावा लागत नाही. परिणाम असा की देशातल्या वाहन उद्योगाच्या एवढ्या मोठ्या केंद्रात कामगाराची चित्रे जवळजवळ फक्त गेटच्या बाहेरची आहेत: २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातला पन्नास दिवसांचा संप, रस्त्यावरची कोंडी, शिफ्ट सुटल्यावर बसची वाट पाहणारे घोळके. किंवा मग अपघातानंतरची. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली, महिला कामगार होरपळून गेल्या. त्या बायका आत कशा बसत होत्या, शोभेच्या दारूच्या किती जवळ, दरवाजे किती होते, याचे एकही चित्र आग लागण्याआधी कोणाच्या डोळ्यांसमोर आले नव्हते. धूर निघाला तेव्हा कॅमेरे पोहोचले.

याच रस्त्यावर फ्लेक्सची दुकाने मात्र ओळीने आहेत. ऑर्डर सकाळी दिली की संध्याकाळी वीस फुटी चित्र हातात मिळते. मळवलीच्या कारागिरांना जे साधायला एकेका रंगाचा दगड घासावा लागे ते आता एका रुळावरून उतरते. शिवजयंती, आंबेडकर जयंती, राजगुरूंची जयंती, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा भावी नगरसेवकाचा वाढदिवस. मग याच यंत्रावर कामगाराचे चित्र का निघू नये? कोणी म्हणेल, ठेकेदारी कामगाराला फोटो काढायला सांगणे म्हणजे त्याची नोकरी पणाला लावणे आहे. दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होईल. हे म्हणणे रास्त आहे, आणि ज्याचे पोट त्या गेटपासवर आहे त्याला धैर्याचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण १९२९ मध्येही फोटो ज्याचा होता तो तुरुंगात होता आणि त्याचा चेहरा वर्तमानपत्रात नेणारे हात दुसऱ्यांचे होते. महाळुंग्यात, खराबवाडीत, निघोज्यात लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओ आहेत, सप्त्याची आणि जत्रेची शूटिंग करणारे कॅमेरामन आहेत, ज्यांना कोणत्याही गेटवर हजेरी लावायची नाही. ज्या घरांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या त्या घरांतलेही काही जण त्यांत असतील. खोल्यांमध्ये दाटीने राहणारी विदर्भ-मराठवाड्यातली, बिहार-ओडिशातली मुले त्यांची शेजारी आहेत. पहिल्या शिफ्टला निघणारी बस, तीन शिफ्टमध्ये वाटून वापरलेली गादी, बोट गमावलेला हात, ठेकेदाराने अर्धा पगार रोखल्याची चिठ्ठी, हे सगळे गेटच्या बाहेर दिसते. ते टिपायला कारखान्यात शिरावे लागत नाही, आणि त्याच्या प्रती काढणारे यंत्र त्यांच्या दुकानापासून चार पावलांवर आहे.